मावळतीला थोडे थांबावे

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सभेच्या आधी सतरंजी घालणे, चहाचे बघणे आणि शेवटी कपबशा मोजून कपाटात ठेवणे हे माझे ठरलेले काम, आणि त्यात मी सुखी आहे. परंतु मंडळाच्या सहलीत "सूर्य मावळेपर्यंत जरा गाडी थांबवा हो" असे म्हणणारी बाई ती मीच, हे आता सर्वांना ठाऊक झाले आहे. कोणी हसतात, कोणी घड्याळ दाखवतात. तेव्हा चिटणीसबाई म्हणाल्या, "दर खेपेला थांबवता, तर कशासाठी थांबवता ते एकदा सगळ्यांना सांगून टाका." त्यांचा शब्द मोडवेना म्हणून उभी राहिले आहे. गोड मानून घ्यावे.

प्रथम आपल्याला एक प्रश्न विचारते. ह्या आठवड्यात आपल्यापैकी किती जणींनी सूर्य मावळताना पाहिला? हात वर करायला नकोत, मनातल्या मनात उत्तर द्यावे. मावळायची वेळ म्हणजे देवाजवळ दिवा लावण्याची, कुकर चढवण्याची, मुलांना शिकवणीहून आणण्याची, कामावरून येणाऱ्यांच्या चहाची वेळ. बाईमाणसाच्या दिवसातली सर्वांत घाईची घटका नेमकी तीच. शिवाय तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसू नये, केर काढू नये, मुलीने बाहेर राहू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यामुळे आपण सूर्यास्त पाहतो तो सहलीला गेल्यावर. महाबळेश्वरला बॉम्बे पॉइंटवर पाहतो, माथेरानला पॉर्क्युपाइन पॉइंटवर पाहतो. पैसे खर्च करून, घाट चढून पाहतो. आणि इथे गोराईच्या पलीकडे रोज तोच सूर्य त्याच समुद्रात जातो, त्याच्याकडे आपली पाठ आणि गॅसकडे तोंड असते.

मला ही सवय माझ्या वडिलांकडून मिळाली. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. अण्णा आधी गिरणीत कामाला होते. १९८२ च्या संपानंतर गिरणीचे दार त्यांना पुन्हा उघडले नाही. पुढे ते एका मालवाहू टेंपोवर लागले. आधी क्लीनर आणि मग परवाना काढून ड्रायव्हर. कधी अहमदाबाद रस्त्याने वापी-सुरतेकडे, कधी पुण्याला, कधी महाडपर्यंत अशा त्यांच्या खेपा असत. मे महिन्याच्या सुट्टीत ते मला बरोबर नेत. एवढ्या घरात एक तोंड तेवढेच कमी, असा आईचा हिशेब, आणि रस्त्यात बोलायला कोणी असले की डुलकी येत नाही, असा अण्णांचा.

दिवस कलला की अण्णा गाडी रस्त्याच्या कडेला घेत. पुण्याहून परत येताना तर हमखास. पुण्याहून मुंबईकडे येणाऱ्याचे तोंड संध्याकाळी पश्चिमेला असते. खंडाळ्याच्या पुढे घाटाच्या तोंडाशी आले की सूर्य समोरच्या काचेतून थेट डोळ्यांत येतो. समोरची गाडी दिसत नाही, रस्ता ओलांडणारे माणूस दिसत नाही. म्हणून अण्णांचा नियम असा, की सूर्य डोळ्यांत असताना गाडी हाकायची नाही. पंधरा-वीस मिनिटे थांबायचे, काच पुसायची, चहा घ्यायचा. सूर्य बुडाला की गाडीचे दिवे लावायचे, त्यांना हात जोडायचे आणि मग निघायचे. उशीर झाला म्हणून मालक रागावे. अण्णा मला म्हणत, "उशीर झाला तर मालक बोलेल. पण ऐकून घ्यायला मी असेन ना!"

तर भगिनींनो, आमच्या घरी सूर्यास्त पाहण्याची सुरुवात ही अशी झाली. त्यात हौसेपेक्षा जिवाची काळजी जास्त होती. पण माणूस रोज एका ठिकाणी वीस मिनिटे उभा राहिला की तो हळूहळू बघायलाही लागतो. अण्णांचे तसेच झाले.

अण्णांजवळ एक कॅमेरा होता. गिरणीत असताना दिवाळीच्या बोनसमधून घेतलेला अ‍ॅग्फा क्लिक थ्री. त्या काळी पुष्कळ घरांत तो असे. साधी काळी पेटी, एका रोलात बारा चौकोनी फोटो. पाठीमागे एक तांबडी काच, तिच्यातून फोटोचा आकडा दिसे. आकडा पाहून चावी फिरवायची आणि कळ दाबायची. रोलाला पैसे पडत, धुवायला पैसे पडत. म्हणून एका खेपेला एकच फोटो. लग्नकार्यात लोक अण्णांना म्हणत, "काढा की आमचा एक." ते काढीत. पण रोलात निदान दोन-तीन घरे सूर्यासाठी राखून ठेवीत.

आता काळ्या-पांढऱ्या फोटोत सूर्यास्त तो काय दिसणार! तांबडे नाही, केशरी नाही. करड्या आभाळात एक पांढरा ठिपका, खाली काळी रेघ. आजी म्हणे, "बटाट्याचा फोटो काढलास काय रे?" तिचा दुसरा आक्षेप माझ्याबद्दल होता. पोरीच्या जातीला तिन्हीसांजेला घरात बसवायचे सोडून हा तिला उजाड रस्त्यावर उभी करतो, हे तिला पटत नसे. अण्णा वाद घालीत नसत. पुढच्या खेपेला पुन्हा मला हाक मारीत, एवढेच.

सातवीनंतर माझी शाळा सुटली. आई कामाला जायची, धाकटी भावंडे होती, मीच थोरली. त्याचे दुःख आता उगाळीत नाही. पण दिशा कशा ओळखाव्या, मैलाच्या दगडावरून वेळ कशी काढावी हे मी त्या टेंपोत शिकले. अहमदाबाद रस्त्यावरच्या नद्या ओळीने म्हणून दाखवायला शिकले, वैतरणा, सूर्या, दमणगंगा. मनोरजवळ सूर्या नावाची नदी आहे, हे आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे?

लग्न होऊन मी बोरीवली पश्चिमेला आले. टेंपो सुटला, पण सवय सुटली नाही. आमच्या इमारतीला गच्ची आहे. वाळवणे घालायला आणि काढायला मीच जाते. पापड काढायची वेळ आणि सूर्य मावळायची वेळ एकच. २००९ साली गोराईला मोठा पॅगोडा उभा राहिला, तो आमच्या गच्चीवरून सोनेरी दिसतो. त्यामुळे मला एक खूण मिळाली. तिच्यावरून माझ्या ध्यानात आले की सूर्य रोज एका जागी मावळत नाही. मार्चमध्ये तो पॅगोड्याच्या आसपास बुडतो. मग दिवसेंदिवस उजवीकडे सरकतो आणि जूनमध्ये पार उत्तनच्या अंगाला जातो. तिथून परत फिरतो, सप्टेंबरात पुन्हा पॅगोड्याशी येतो, आणि डिसेंबरात डावीकडे मनोरीच्या अंगाला पोचतो.

"सूर्य पश्चिमेला मावळतो" हे आपण पहिलीत शिकलो. अगदी बरोबर पश्चिमेला तो वर्षातून दोनदाच मावळतो, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास. एरवी तो उत्तरेला किंवा दक्षिणेला कललेला असतो. आपल्या मुंबईहून पाहिले तर जूनच्या टोकापासून डिसेंबरच्या टोकापर्यंत हे अंतर सुमारे ५० अंशांचे आहे. अंश कसे मोजावे? हात समोर लांब करावा आणि मूठ वळावी. मुठीची रुंदी सुमारे १० अंश भरते. म्हणजे सूर्य वर्षात पाच मुठी जातो आणि पाच मुठी परत येतो. घरी जाऊन करून पाहावे.

वेळेचेही तसेच आहे. आपल्याकडे सूर्य सर्वांत उशिरा मावळतो तो जुलैच्या सुरुवातीला, ७ वाजून २० मिनिटांच्या सुमारास. सर्वांत लवकर मावळतो तो मात्र डिसेंबरात नव्हे, नोव्हेंबरच्या शेवटी, सहाच्या ठोक्याला. २२ डिसेंबर हा सर्वांत लहान दिवस खरा, पण तोपर्यंत सूर्यास्त चार-पाच मिनिटे पुढे गेलेला असतो. लहान दिवसाची उरलेली कसर सकाळी उशिरा उगवून भरून निघते. पंचांगात सूर्योदय-सूर्यास्ताचे रकाने असतात. आपण एकादशी, संकष्टी बघतो आणि पान मिटतो. एकदा तो रकाना बोट ठेवून वरून खाली वाचावा.

आता रंगांविषयी थोडेसे. माझ्या मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून समजून घेतले ते सांगते. सूर्याच्या उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात. त्यांतला निळा हवेत लवकर विखुरतो, म्हणून दिवसा आभाळ निळे. संध्याकाळी सूर्य खाली गेला की त्याचे किरण हवेतून तिरपे, फार लांबून येतात. वाटेत निळा सगळा विखरून जातो आणि आपल्यापर्यंत तांबडा-नारिंगी तेवढा पोचतो. घरी पाहायचे असेल तर काचेच्या भांड्यात पाणी घ्यावे, त्यात चमचाभर दूध घालावे, खोलीत अंधार करून एका बाजूने बॅटरीचा उजेड टाकावा. बाजूने पाहिले तर पाणी निळसर दिसते आणि समोरून बॅटरीकडे पाहिले तर तिचा उजेड नारिंगी दिसतो.

हवेत धूळ वाढली की रंगही बदलतो. ऑगस्ट १८८३ मध्ये जावाजवळच्या क्राकाटोआ बेटावर ज्वालामुखी फुटला. त्याची राख इतकी वर गेली की पुढे कित्येक महिने जगभर विलक्षण तांबडे सूर्यास्त दिसले, आणि सप्टेंबरात लंकेत व मद्रासेकडे लोकांनी चक्क हिरवट सूर्य पाहिला. आपल्याकडे थंडीच्या दिवसांत धुरकट हवेमुळे सूर्य समुद्राला टेकायच्या आधीच विरघळून जातो. पाऊस जाता जाता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, आभाळ धुतलेले आणि थोडे ढग राहिलेले असतात. तेव्हा रंग उत्तम.

आणखी एक गंमत. वाटीत रुपया ठेवून पाणी ओतले की तो वर आल्यासारखा दिसतो, हे आपण मुलांना दाखवतो. हवासुद्धा तेच करते. सूर्याची खालची कड समुद्राला टेकलेली आपल्याला दिसते, तेव्हा खरा सूर्य क्षितिजाखाली गेलेला असतो. हवा त्याला उचलून दाखवते. तिथून पूर्ण बुडेपर्यंत आपल्याकडे साधारण सव्वादोन मिनिटे लागतात. सव्वादोन मिनिटे! तेवढ्यात दूधसुद्धा ऊतू जात नाही.

हे सगळे सांगितले ते माझी विद्वत्ता मिरवण्यासाठी नव्हे. पुढची गोष्ट कळावी म्हणून सांगितले.

अण्णा जाऊन आता बरीच वर्षे झाली. ते गेल्यावर भावाने घर आवरले तेव्हा एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. आत ते चौकोनी फोटो आणि निगेटिव्हच्या गुंडाळ्या. भाऊ म्हणाला, "ह्यात माणूस एकही नाही. ठेवून काय करायचे?" मी म्हटले, "मला दे." डबा घरी आणला. फोटोंच्या मागे पेन्सिलीने गावाचे नाव आणि वेळ लिहिलेली होती. खंडाळा, ६-४०. मनोर, ७-०५. तारीख मात्र एकावरही नव्हती. अण्णांना तारीख लिहायची सवयच नसावी.

त्यात एका पुरचुंडीत बारा छोटे फोटो निराळे बांधलेले होते. निगेटिव्हच्याच मापाचे. बाराही फोटोंवर एकच नाव, भाईंदर. आणि निगेटिव्हची पट्टी न कापता तशीच अखंड गुंडाळलेली. पट्टी अखंड असल्यामुळे कोणता फोटो आधी आणि कोणता नंतर हे पक्के कळत होते. मी ते ओट्यावर ओळीने मांडले आणि मागच्या वेळा वाचल्या. पहिला ६-२४. दुसरा ६-४१. तिसरा ६-५०. असे चढत चढत सहावा ७-१८. मग उतरत उतरत दहावा ६-१३, अकरावा ६-००. आणि बारावा ६-०५.

अकरावा सहाला आणि बारावा पाच मिनिटे पुढे. भगिनींनो, पंचांगाचा रकाना मी इतक्या वेळा वाचला होता की ते पाहून माझा हात थांबला. नोव्हेंबर आणि डिसेंबर! मी उठून पंचांग आणले. पहिल्या फोटोची वेळ जानेवारीच्या विशीशी जुळली, दुसऱ्याची फेब्रुवारीच्या, तिसऱ्याची मार्चच्या. बारा फोटो, बारा महिने, दर महिन्याला एक, आणि तोही महिन्याच्या त्याच सुमाराला.

एकच वेळ वर्षातून दोनदा येते, त्यामुळे नुसत्या वेळेवर भरवसा ठेवायचा नव्हता. म्हणून जागा पाहिली. भाईंदरच्या खाडीकाठी उभे राहून समुद्राकडे पाहिले तर डाव्या हाताला डोंगरीची टेकडी येते, समोर खाडीचे मुख, आणि उजव्या हाताला वसईच्या किल्ल्याकडचा काठ. आपण विरार लोकलने जाताना पुलावर डावीकडच्या खिडकीतून दिसते तेच हे. पहिल्या फोटोत सूर्य डावीकडे टेकडीच्या अंगाला आहे. तिसऱ्यात खाडीच्या मुखात. पाचव्यात उजवीकडे वसईच्या काठावर. नवव्यात पुन्हा मुखात, आणि बाराव्यात परत टेकडीकडे. माझ्या गच्चीवरून पॅगोड्याच्या डावी-उजवीकडे जसा जातो अगदी तसाच.

सहावा, सातवा आणि आठवा, ह्या तीन फोटोंत सूर्यच नाही. नुसते ढग आणि खाली करडे पाणी. कोणी म्हणेल बिघडलेले फोटो. पण ते जून, जुलै, ऑगस्ट आहेत. पावसाळा आहे. सूर्य दिसण्याची आशा नसताना माणूस त्या महिन्यात, त्या वेळेला, तिथे उभा राहिला आहे आणि त्याने मोलाच्या रोलातले एक घर खर्च केले आहे.

वर्ष कोणते ते फोटो सांगत नव्हते. ते आईने सांगितले. तिला मी ओळ दाखवली. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "हे संपाचं वर्ष. तेव्हा भाईंदरला मिठागरावर जायचे."

आपल्यातल्या वयस्कर भगिनींना तो संप आठवत असेल. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. महिना जाईल, दोन महिने जातील असे सगळ्यांना वाटले होते. वर्ष गेले तरी मिटला नाही. संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. पुष्कळ लोक गावी गेले, पुष्कळांची घरे मोडली. मी तेव्हा पाच वर्षांची. मला एवढेच आठवते की अण्णा उशिरा यायचे आणि त्यांच्या पायांना मिठाने भेगा पडलेल्या असायच्या. पावसाळ्यात मिठागर बंद झाले की खाडीवर मिळेल ते काम करीत, असे आई सांगते.

मी आईला विचारले, "खायची भ्रांत होती आणि कॅमेरा कसा टिकला? विकला नाही?" ती म्हणाली, "भांडी गेली, माझ्या बांगड्या गेल्या. कॅमेऱ्याला गिऱ्हाईक आलं होतं. मीच नको म्हटलं. ओल लागू नये म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवायचे. तेव्हा डब्यात जागाच जागा होती." आणि ती हसली. मी मात्र स्वयंपाकघरात निघून गेले.

गिरणीत असताना भोंगा होता, पाळी होती, पगाराची तारीख होती. संपाने ते सगळे गेले. आज कोणता वार, हेसुद्धा अशा दिवसांत माणूस विसरतो. अण्णांनी तेव्हा सूर्यावर नेम धरला. त्यांनी पंचांग पाहिले नव्हते, अंश मोजले नव्हते. संपाला आणखी एक महिना झाला की संध्याकाळी खाडीवर थांबायचे, एक कळ दाबायची, वेळ टिपायची. घरी येऊन एक शब्द बोलायचा नाही. बारा महिन्यांत बारा घरे भरली आणि रोल संपला. पुढे टेंपोवर लागल्यावर, हातात पैसे आले तेव्हा कधीतरी तो धुतला असेल. पहिला रोल संपाचा, आणि मग पुढचे सगळे रस्त्यावरचे. घाटातल्या त्या वीस मिनिटांच्या आधी भाईंदरची ही बारा महिने होती, हे मला त्या दिवशी कळले.

अण्णा त्या वर्षाबद्दल आमच्याशी कधीच बोलले नाहीत. मीही विचारले नाही. बाप माणसाला असे विचारण्याची आमच्याकडे रीत नव्हती. पण त्यांनी इमानाने वेळ लिहून ठेवली होती, म्हणून चाळीस वर्षांनंतर त्यांच्या मुलीला ते वर्ष ओट्यावर मांडून वाचता आले. त्यांनी नुसता सुंदर देखावा टिपला असता तर तो मीही पाहून डब्यात ठेवला असता.

म्हणून आपल्याला दोन-चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली अशी, की फोटो काढाल तो जरूर काढा, पण वहीत गाव, तारीख, वेळ आणि बरोबर कोण होते हे लिहा. मोबाईल तारीख आपोआप ठेवतो हे खरे, पण एकमेकींना फोटो पाठवताना ती माहिती पुष्कळदा गळून पडते, आणि मोबाईल बिघडला की सगळेच जाते. साधी पेन्सिल जास्त टिकते.

दुसरी, फोटो कसा काढावा. मोबाईलच्या पडद्यावर सूर्यावर बोट टेकवावे, म्हणजे बाकीचे थोडे अंधारते आणि सूर्याचा नुसता पांढरा डाग न होता गोल राहतो. दोन बोटांनी ताणून मोठा करू नये, फोटो फुटतो. पुढे एखादी होडी, माड, नाहीतर आपलीच मैत्रीण असू द्यावी. नुसत्या सूर्याचा फोटो मग कुठला ते ओळखत नाही. आणि सूर्य बुडाला की लगेच पाठ फिरवू नये. खरे रंग पुष्कळदा त्यानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत भरतात.

तिसरी, डोळ्यांची काळजी. सूर्य तांबूस होऊन क्षितिजाशी आला तरी टक लावून पाहू नये, आणि दुर्बिणीतून तर कधीच नाही. ग्रहणात साध्या डोळ्यांनी बघणे म्हणजे डोळे गमावणे. मुलांना हे आवर्जून सांगावे.

चौथी, सगळ्यासाठी लांब जायला हवे असे नाही. आपण कन्याकुमारीला गेलो होतो तेव्हा सर्वांनी ऐकले, की चैत्री पौर्णिमेला तिथे एका बाजूला सूर्य मावळताना आणि दुसऱ्या बाजूला चंद्र उगवताना पाहायला लोक जमतात. खरे आहे. पण प्रत्येक पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच उगवतो. आपल्या बोरीवलीत कोणत्याही उंच गच्चीवर पौर्णिमेला उभे राहावे. पश्चिमेला गोराईच्या खाडीपलीकडे सूर्य जातो आणि पूर्वेला नॅशनल पार्कच्या डोंगरावर, कान्हेरीच्या बाजूला, चंद्र येतो. तिकीट नाही, घाट नाही. मात्र घाई करावी, कारण दर वर्षी एकेक नवी इमारत आपल्या आभाळाचा तुकडा घेते. आमच्या गच्चीवरून आता जूनचा सूर्य दिसत नाही, पाच मुठींतली एक मूठ इमारतीमागे गेली.

आणि शेवटची गोष्ट घरातल्यांना सांगण्याची. संध्याकाळी आपल्याला पाच मिनिटे लागतील, तेवढा गॅस मंद करावा किंवा दुसऱ्या कोणी बघावे. दिवा लावायचाच आहे. तो सूर्य बुडाल्यावर लावायचा असतो. तेव्हा आधी सूर्याला निरोप द्यावा आणि मग दिव्याला हात जोडावे, असा क्रम ठेवला तर शास्त्रालाही बाध येत नाही आणि स्वयंपाकालाही नाही. मुलींना तर मुद्दाम बरोबर न्यावे. मला अण्णांनी तिन्हीसांजेला बाहेर उभे केले, त्याने माझे काही वाईट झाले नाही. दिशा कळल्या.

येत्या पौर्णिमेला ज्यांना यायचे असेल त्यांनी आमच्या गच्चीवर यावे. येताना वही-पेन्सिल आणावी. चहा माझ्याकडे.